खालची बांधी

तीन दिवे होते, धानाच्या दाण्याहून थोडेसेच मोठे, काळ्या टोपीच्या कडेला तारेच्या चौकटीवर बसवलेले, आणि लोकेश म्हणत होता की ते लागलेले आहेत. अन्नपूर्णाने टोपी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पदराचा अंधार करून त्यात पाहिली. काहीच नाही. तीन मेलेले मणी. टोपीच्या मागे दोन सेल चिकटपट्टीने डकवले होते, तेवढे मात्र हाताला कोमट लागले.

"लागले आहेत मावशी. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात ना, तेच. आपल्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. त्याला दुसरं काहीच दिसत नाही. तुम्ही नाही, मी नाही, बस ये तीन."

कॅमेरा म्हणजे संगणकाच्या डोक्यावर बसवलेला एक अंगठ्याएवढा डोळा, आणि त्याच्यावर लोकेशने फोटोच्या रिळाचा काळा तुकडा लावलेला. आंधळा केलेला डोळा, न दिसणारे दिवे... अन्नपूर्णाला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. तिच्या दुसऱ्या हातात झाडू होता. शनिवारची दुपार होती, वैमानिक होऊ घातलेली पोरं बसमधून गोंदियाला गेली होती, आणि ही खोली ती नेहमी शेवटी झाडत असे, कारण इथल्या मशिनींसाठी थंड हवा सोडलेली असायची आणि शेवटच्या खोलीतून कोणी तिला लवकर बाहेर काढत नसे. पाच वर्षं झाली तिला या विमान शिकवणाऱ्या शाळेत. लोकेशला आठ महिने. तो गोंदियाचा, संगणक सांभाळायला आलेला, तिशीतला, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा, आणि या सगळ्या इमारतीत तिला मावशी म्हणणारा तो एकटाच. बाकीच्यांसाठी ती 'सफाईवाली'.

पोरांना शिकायला खरं मोठं यंत्र होतं, कुलपात ठेवलेलं. हा मात्र खेळ होता. साध्या संगणकावरचा विमानाचा खेळ, पोरं रिकाम्या वेळी खेळत. टोपी घालायची, मान वळवली की पडद्यावरच्या विमानातल्या माणसाची मान वळते, डावीकडे पाहिलं की डावीकडची खिडकी, खाली पाहिलं की जमीन. लोकेशने ते स्वतः जोडून केलं होतं आणि त्याचं त्याला फार होतं.

"तुमचं गाव इथलंच ना, मावशी? म्हणजे धावपट्टीच्या तिकडचं?"

"हो. तिकडचंच."

"मग माझं एक काम करा. दो मिनिट. टोपी घाला."

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग झाडू भिंतीला टेकवला, डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला—पुरुषासमोर, पण हा तर पोरासारखा—आणि टोपी घातली. टोपी सैल होती. लोकेशने मागचा पट्टा ओढून दिला. पडद्यावर विमानाच्या आतला भाग दिसत होता, घड्याळंच घड्याळं, आणि समोर निळं. विमान आपलं आपण गोल फिरत राहील अशी त्याने व्यवस्था केली होती. तिने डावीकडे पाहिलं. काही झालं नाही. उजवीकडे पाहिलं. निळं तसंच.

"डोळे नका फिरवू. डोळे त्याला समजत नाहीत. मान फिरवा."

तेव्हा तिला कळलं की तिने मान हलवलीच नव्हती. कधी हलवतो आपण मान? सतराव्या वर्षी या गावात आले तेव्हापासून मान समोर, नाहीतर खाली, आणि काय पाहायचं ते डोळ्यांनी, कडेकडेने—सासू कुठे आहे, दीर आला का, चुलीवरचं उतू चाललं का, ताटात किती उरलं. मानेला कामच नव्हतं, तिच्यावर फक्त भारे ठेवायचे, धानाच्या पऱ्ह्यांचे, गवताचे, पाण्याच्या गुंडांचे. भारा डोक्यावर असला की मान फिरवताच येत नाही, डोळेच तेवढे मोकळे. आता हा म्हणतो, डोळे समोर पडद्यावर ठेवा आणि मान तेवढी बाजूला न्या. म्हणजे तोंड एकीकडे आणि नजर दुसरीकडे.

ते मात्र तिला जमलं. लगेच जमलं. लोकेश म्हणाला, पोरांना दोन-दोन दिवस लागतात.

तिने मान डावीकडे नेली तशी खिडकी आली, आणि खिडकीतून... तिने मान थोडी खाली केली आणि जमीन वर आली, अख्खी, एकदम. तिने टेबल धरलं. तळं होतं. तळ्याच्या पाळीवरून जाणारी वाट होती, गावातल्या शाळेचं छप्पर होतं, गावाबाहेरचा देवळाचा ओटा पांढऱ्या टिकलीसारखा. तिने मान अजून वळवली. धावपट्टी काळी, सरळ, आणि मग ती जिथे संपायला नको होती तिथेच संपली, आणि पुढे धानाच्या बांध्याच बांध्या, हिरव्या-पिवळ्या, एकीला एक लागून.

"हा फोटो जुना आहे," लोकेश सांगत होता. "उपग्रहातून काढलेला. धावपट्टी वाढवायच्या आधीचा. मी तोच खाली अंथरलाय. पण फोटो सपाट असतो ना, झाडं-घरं उभी करावी लागतात. तुम्ही फक्त सांगायचं, कुठे काय होतं."

ती ऐकत नव्हती. ती शोधत होती आणि शोधत नव्हतीही, मान आपोआप तिकडेच गेली होती, धावपट्टीच्या टोकापासून थोडी उजवीकडे, नाल्याच्या वळणाला, आणि तिथे ती होती. आमची. अकरा बांध्या. वरच्या चार लहान, मधल्या सहा, आणि सगळ्यांत खाली नाल्याला टेकलेली ती मोठी, खालची बांधी, जिच्यात पाणी कधी आटायचं नाही. चोवीस वर्षं मी त्या जमिनीत राबले आणि तिचा आकार असा आहे हे मला ठाऊक नव्हतं. वाकून काम करणाऱ्या बाईला जमीन दिसते कुठे? दिसतात दोन हात आणि हातांखालचं गढूळ पाणी, आणि पऱ्हे रोवत रोवत मागे सरकायचं, पाठीमागे किती उरलं ते बघायचं नाही, बघितलं की कंबर मोडते...

रोवणा. सकाळी सातला पाण्यात पाय, संध्याकाळी काढले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, पांढरी फुगलेली कातडी, रात्री त्यावर गरम तेल आणि दातांत पदर. पोटऱ्यांना जळवा. रेणू पोटात होती तेव्हा नववा महिना लागला होता आणि खालच्या बांधीत रोवणा चालला होता, आणि सासू बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून म्हणाली होती, वाकल्यानं पोर सुखानं निघते. सुखानं. ती बांधी आपल्याला गिळणार असं तिला त्या दिवशी वाटलं होतं, गुडघ्यापर्यंत गिळलंच होतं तिने. आणि आता ती बांधी खाली होती, हातभर खाली, तळहाताएवढी, आणि अन्नपूर्णा तिच्यावरून गोल गोल फिरत होती, मान खाली घालून, तशीच खाली घालून, पण अंगाला पाण्याचा थेंब नाही. थंड हवा. स्वच्छ हवा.

ती मोठ्याने हसली. लोकेशने चमकून पाहिलं तसं तिने तोंडावर हात घेतला.

या हसण्याची तिला मागून लाज वाटली. कारण हे तिचं सगळ्यांत मोठं गुपित होतं आणि ते सहा वर्षं तिने चांगलं सांभाळलं होतं—जमीन गेली तेव्हा तिला आनंद झाला होता. गावात रडारड चालली होती. कागद आले होते, अधिकारी आले होते, लोक गटागटाने बसत होते, आणि एका संध्याकाळी तिचा नवरा कवडू धुऱ्यावर बसला होता, मांडीवर नोटीस, आणि त्याने तिला विचारलं होतं, "काय करू?" लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि त्या माणसाने तिला असं कधी विचारलं नव्हतं. भाजी कोणती करू हे तीच विचारायची. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "देऊन टाका." लगेच म्हणाली. त्या लगेचचा तिला पुढे कितीतरी रात्री घोर लागला होता. थोडं थांबायला हवं होतं, उसासा टाकायला हवा होता. ज्या दिवशी मशीन आली आणि धुरे सपाट करत सुटली त्या दिवशी गावच्या बाया ऊर बडवत होत्या, तीही त्यांच्यात उभी राहिली, तोंड पदरात घातलं, आणि पदराच्या आत तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. पदराच्या फटीतून ती मशीनकडे बघत होती. ती खालच्या बांधीला कधी लागते याची वाट बघत होती.

मग पैसे आले, पक्कं घर झालं, रेणूचं लग्न झालं, तिला ही नोकरी लागली. धावपट्टीच्या कडेने ती रोज येते. काळी, कोरडी, झाडल्यासारखी. तिला तिचा कधी राग आला नाही. पण पाहुणे आले, कोणी विषय काढला की ती म्हणते, "गेली जी आमची जमीन. सोन्यासारखी होती." हे म्हणताना आवाज कुठे ओला करायचा हे तिला पाठ झालंय. कवडू जवळच बसलेला असतो. तो तेव्हापासून कशाबद्दलच फारसं बोलत नाही. दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरीला जातो, काम झालं तरी धुऱ्यावर उभा राहतो, कोणी न विचारता सांगतो की पाणी जास्त झालं, काढा. आणि इकडे तो येत नाही. गोंदियाला जायचं तर लांबच्या पुलाकडून फिरून जातो, पण विमानतळाचा रस्ता नको. त्या माणसासाठीच तर मी... त्याच्या दुःखाला सोबत नको का कोणी?

"मावशी? झाडं?"

तिने सांगायला सुरुवात केली. वरच्या धुऱ्यावर मोह, एकच, पण मोठा. नाल्याकडे दोन पळस. मधल्या बांधीच्या कोपऱ्यात सिंदी. लोकेश माऊसने टिचकी मारायचा आणि पडद्यावर झाड उभं राहायचं, मोहाला आणि पळसाला तो एकच झाड लावत होता, पण उभं राहायचं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की तिला सगळंच ठाऊक आहे. कोणत्या धुऱ्यावर पाय घसरतो, कुठे खेकड्यांची बिळं, कुठे दुपारी बाराला सावली पडते. हे तिला नको होतं. विसरायला हवं होतं हे. नावडत्या माणसाच्या अंगावरचे तीळ कशाला लक्षात राहावेत?

"आणि ही विहीर होती का झोपडी? हे चौकोनी?"

झोपडी होती. राखणीची. तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "मले नाही सांगता येत. आमच्या माणसाले ठाऊक आहे."

का म्हणाली तसं? तिला नंतर आठवून पाहूनही सांगता आलं नसतं. कदाचित झोपडी आली तिथे तिला एकदम वाटलं असेल की हे आपण दुसऱ्याच्या ताटातलं खातोय.

लोकेशने तर लगेच फोन पुढे केला. "बोलवा ना काकांना. आज कोणी नाही. गेटवर मी सांगतो."

घरचा मोबाइल कवडूच्या खिशात असायचा. तिने लोकेशच्या फोनवरून लावला. कवडूने उचलला, "हां," म्हणाला, आणि ती म्हणाली, "मी होय. इकडे या न जरा. माझ्या कामावर." पलीकडून फोन बंद झाला. तिला वाटलं, येणार नाही. कशाला येईल? तिने झाडू उचलला, खोली झाडली, कोपऱ्यातून वायरींखालून केर ओढला, आणि अर्ध्या तासाने गेटवरच्या शिपायाच्या मागून कवडू आत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची बटणं एकेक घर चुकून लागलेली होती आणि दुपट्टा हातात गोळा करून धरलेला.

"काय झालं वो? पडलीस का?"

"नाही जी. मी कायले पडू?"

"मंग काऊन बोलावलीस?" त्याचा श्वास अजून बसला नव्हता. सायकल जोरात मारत आला होता. विमानतळाच्याच रस्त्याने, दुसरा रस्ता अर्ध्या तासात येण्याजोगा नव्हता. "मले वाटलं, काही झालं."

"हे साहेब आपली जमीन मांडून राहिले. संगणकात. झोपडी कुठं होती, विचारून राहिले."

कवडूने लोकेशकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. "खेळ होय हा? खेळासाठी बोलावलीस?"

"बसा तं काका," लोकेश म्हणाला. "पाच मिनिट."

तो बसला. खुर्चीला चाकं होती, ती मागे सरकली तसा तो आणखी रागावला, पण बसला. लोकेशने त्याला टोपी घातली. अन्नपूर्णा भिंतीपाशी उभी राहिली. टोपीत तो कोणीतरी वेगळाच दिसत होता, क्रिकेटच्या पंचासारखा, आणि तिला भीती वाटली की तो आता उठेल, काहीतरी घाण बोलेल, लोकेशसमोर. त्याने मान फिरवली. गाय हरवल्यावर शोधतो तशी, खाडकन, खांद्यापासून. पडद्यावरची जमीन आकाश होऊन गेली, पुन्हा जमीन आली. "अरे!" म्हणत त्याने दोन्ही हातांनी टेबल पकडलं.

"हळू काका. थोडीच फिरवायची. तुमची मान इतकीशी, तर त्याची एवढी मोठी फिरते."

मग तो हळू झाला. मान इंचाइंचाने नेऊ लागला. तळं गेलं, पाळ गेली, शाळा गेली. धावपट्टीचं टोक आलं आणि तो थांबला.

किती वेळ थांबला? विमान गोल फिरत होतं आणि तो मान त्याच्या उलट्या बाजूला नेत नेत जमीन समोर धरून ठेवत होता, निसटू देत नव्हता. त्याला कोणी हे शिकवलं नव्हतं. अन्नपूर्णा त्याच्या मानेकडे बघत होती. उन्हाने भाजून भाजून चामड्यासारखी झालेली ती मान, तिच्यावर आडव्या रेघा, आणि टोपीच्या पट्ट्याखाली पांढरे केस. आता रडेल, तिला वाटलं. आता रडला तर मी काय करू? मला रडावं लागेल.

"हे चारच्या सालचं होय," कवडू म्हणाला.

"हो, चार-पाचचंच असेल," लोकेश म्हणाला. "तारीख नाही दिलेली."

"पाचचं नाही. पाचमध्ये हा धुरा फुटला होता, पाणी या बांधीतून त्या बांधीत गेलं होतं. इथं पाय, साबूत आहे. आणि दिवाळीच्या नंतरचं होय. वरचा हलका धान कापून झाला, हे पिवळं दिसते ते फण. खालचा अजून उभा आहे." त्याचा आवाज साधा होता. सहा वर्षांत तो एका दमात इतकं बोलला नव्हता. "मोह इकडे पायजे. याच्या डाव्या अंगाले. कोणं सांगितलं तुले हा असा?"

लोकेशने अन्नपूर्णाकडे पाहून डोळे मिचकावले आणि मोह सरकवला. झोपडी उभी केली. झोपडीचं तोंड उगवतीला केलं, कवडूने फिरवायला लावलं, लोकेशने फिरवलं. मग त्याने कळफलकावर काहीतरी दाबलं. "आता काका, विमान तुमचं. मान नेली तिकडे जाईल. खाली केली, खाली जाईल."

"पडीन न मंग?"

"पडलं तर पडलं. खेळ आहे."

कवडूने मान खाली केली. बांध्या वर येऊ लागल्या, मोठ्या होऊ लागल्या, धुरे जाड झाले, हिरव्यात हिरवे वेगळे दिसू लागले, आणि मग आणखी खाली आल्यावर सगळं फुटलं. चौकोन झाले, हिरवे, मातकट, काळसर, फरशीसारखे. त्याने मान वर घेतली. विमान वर गेलं, जमीन पुन्हा जमीन झाली. त्याने पुन्हा खाली केली. पुन्हा चौकोन.

"अजून खाली नाही होत?"

"होत नाही काका. फोटो आहे. इतक्याच उंचीवरून ठीक दिसतो."

"हं."

तो वरच राहिला. त्याला उंची सापडली होती, तिथून न चुकता तो फेऱ्या घालत होता, खालच्या बांधीवरून नाल्याकडे, नाल्यावरून मोहाकडे, मोहाला वळसा घालून परत. एकदा विमान मोहातून आरपार गेलं आणि काहीच झालं नाही, तेव्हा तो हसला. अन्नपूर्णाने ते हसू आधी ओळखलंच नाही. तिला वाटलं, खोकला आला. मग वाटलं, मी आणलं त्याला इथे, चांगलं केलं. आणि त्याच्या मागोमाग, असं हसला तर मग माझ्या त्या सहा वर्षांचं... पण तो विचार पुढे गेला नाही, कारण कवडूने बोट उचललं होतं. पडद्याला न लावता, पडद्यापासून वीतभर अलीकडे.

"हा ठिपका पाय."

पलीकडच्या धुऱ्यावर, पळसाच्या सावलीच्या कडेला एक फिकट ठिपका होता. तांदळाच्या कणीएवढा.

"झुडूप असेल," लोकेश म्हणाला.

"तिथं झुडूप नव्हतं. मी होतो न तिथं. हे अन्नपूर्णा होय." तो तिचं नाव कधी घेत नसे. लोकेशला सांगायचं म्हणून घेतलं असेल. "दुपारची शिदोरी खाऊन तिथं बसे ते. इकडे पाठ करून. नाल्याकडे तोंड, बांधीकडे पाठ. रोज. किती वर्षं पाहून राहिलो होतो मी." विमान डावीकडे वळत होतं, आणि वळवण्यासाठी त्याची मान डावीकडे, म्हणजे थेट अन्नपूर्णाकडे वळलेली होती, तोंड तिच्यासमोर, पण डोळे मात्र तिथे नव्हते, ते पडद्यावर, त्या ठिपक्यावर. "तिले कधी आवडलीच नाही ही बांधी."

रागाने नाही म्हणाला. दुःखानेही नाही. आपल्या बैलाची खोड सांगावी तसं म्हणाला, आणि मान सरळ केली, आणि पुढच्या फेरीला लागला.

लोकेश हसून काहीतरी बोलला. अन्नपूर्णाला ते ऐकू आलं नाही. भिंतीच्या थंडपणाने तिची पाठ गार पडली होती. ठाऊक होतं याला. तेव्हापासून ठाऊक होतं—म्हणजे पाहुण्यांसमोर मी सोन्यासारखी म्हणत होते तेव्हा हा शेजारी बसून, खाली मान घालून, ते सगळं ऐकत होता, आणि त्याला ठाऊक होतं. मशीन आली त्या दिवशी पदरात तोंड घातलं, तेव्हा ठाऊक होतं. आणि त्याच्याही आधी... धुऱ्यावर बसून काय करू विचारलं तेव्हा? पाठ करून बसणाऱ्या बाईला कोणी असं का विचारतं? मी काय म्हणणार हे माहीत असताना का विचारलं? माझ्या तोंडून देऊन टाका यावं म्हणून, आणि मग जन्मभर म्हणता यावं की हिनेच...? पण तसं तो कधीच म्हणाला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. मग मला सुटायचं आहे हे पाहून सोडवली का त्याने? एवढी मोठी वस्तू, बापजाद्यांची, अकरा बांध्या, एका बाईच्या पाठीकडे पाहून? असं कोणी करतं का? आणि केलं तर तोंडाने एकदा तरी सांगत नाही?

की त्यालाही नकोच होती? तिने त्याच्याकडे पाहिलं. टोपीखाली तो पुढे वाकला होता, ओठ थोडे उघडे, आणि मान नाल्याच्या वळणावर अगदी हलकेच कलत होती. नाही. याला हवी होती. हे तर आंधळ्यालाही दिसेल.

साडेचारला लोकेशने संगणक बंद केला. कवडूने टोपी काढून दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, दिवे वर करून, जपून. गेटबाहेर तो सायकल हातात धरून चालत होता, ती त्याच्या मागे दोन पावलं, आणि कुंपणाच्या पलीकडे खरी धावपट्टी पसरली होती, ऊन तिरपं होऊन तिच्यावर पडलं होतं. कवडूने तिकडे पाहिलं, जसं रस्त्यातल्या कशाकडेही पाहावं तसं.

"मोह अजून बी चुकलाच आहे," तो म्हणाला. "दोन कासरे इकडे पायजे. पोट्टा हुशार आहे, पण त्याले झाड नाही समजत. सोमवारी येऊन सांगतो त्याले."

सोमवारी येऊन. असं सहज म्हणाला, जणू तो दर सोमवारी इथे येत होता. आणि तेव्हा अन्नपूर्णाला राग आला. आधी तिला कळलंच नाही की हे काय आहे, कानांच्या पाळ्या तापलेल्या. उन्हाने असेल असं वाटलं. राग होता. त्याच्यावर. सासूवर होता तसा लपवायचा नाही, सरकारवर आहे असं दाखवायचा तसाही नाही. या पुढे चाललेल्या, बटणं चुकलेल्या माणसावर. सहा वर्षं मी तुझ्यासाठी खोटं रडले. प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्यासमोर. कामावरून येताना दारापाशी थांबून तोंड उतरवून मग आत यायचे, तुला बरं वाटावं म्हणून, आणि तू ते उतरवलेलं तोंड रोज पाहत होतास आणि म्हणत नव्हतास की राहू दे वो, कायले करतेस. एवढं एक वाक्य. तेवढ्यानं मी एखाद्या दिवशी तरी हसत घरात शिरले असते.

ती भराभर चालू लागली. त्याच्या बरोबरीला आली आणि पुढे गेली. सायकलीच्या चाकाची टिकटिक मागे राहिली. या रस्त्याने ती त्याच्यापुढे कधी चालली नव्हती, कोणत्याच रस्त्याने चालली नव्हती, आणि वाटेत कोणी पाहील हे तिच्या मनात आलं आणि तसंच निघून गेलं.

"काऊन पळून राहिली वो?" मागून कवडू म्हणाला.

ती थांबली नाही. सांगायचं होतं, इतकं होतं सांगायचं की कुठून धरावं ते समजत नव्हतं. चिखल्यांपासून, की सासूपासून, की त्या देऊन टाकापासून, की पळसाखाली बसून नाल्याकडे बघताना ती काय बघायची, तिथून. ते तर त्याने कधीच विचारलं नव्हतं. पाठ पाहिली होती त्याने, तोंड कुठे पाहिलं होतं? राग अजून होता, तापलेला, चालताना अंगाला बळ देणारा, आणि तो जाऊ नये असं तिला वाटत होतं. निदान घर येईपर्यंत तरी.

"मी बोलून राहिलो न तुले," कवडू म्हणाला. टिकटिक जलद झाली. तो सायकल ढकलत जवळ जवळ धावतच येत होता.